कॉइलओव्हर बसवल्यानंतरच्या तक्रारी : दोष कसा शोधावा

स्पोर्ट्स कारचे मूळ सस्पेन्शन काढून बाजारातून घेतलेले कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा, स्प्रिंग आणि डॅम्परचा संच) बसवले, की पुढच्या काही आठवड्यांत मालकाच्या तोंडी साधारण चार तक्रारी येतात : गाडी खडखडते, गाडी खाली आपटते, गाडी एका बाजूला ओढते किंवा गाडी टायर आतून खाते. तक्रार कोणतीही असो, बहुतेक जण लगेच डॅम्परला, म्हणजे स्प्रिंगचे झुलणे आवरणाऱ्या शॉक अब्सॉर्बरला, दोष देतात आणि त्याचा कडकपणा बदलणारी वरची खुंटी फिरवायला लागतात. नवा डॅम्पर स्वतः सदोष निघतो, नाही असे नाही. पण हा संशय सर्वांत शेवटी घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. बहुतांश दोष जोडणीतले असतात. ते ठरावीक क्रमाने तपासले, तर एका सुट्टीच्या दिवशी हाती लागतात.

नाशिकमध्ये हा क्रम पाळणे अधिक गरजेचे आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतले अवजड वाहनांनी झिजवलेले रस्ते, शहरातून जाणाऱ्या महामार्गावरच्या उड्डाणपुलाचे सांधे, कसारा घाटातली वळणे आणि इगतपुरीकडचा पाऊस हे सगळे एकाच गाडीच्या वाट्याला येते. गुळगुळीत ट्रॅकवर वर्षभर लपून राहील असा जोडणीतला दोष इथे लवकर आवाज करू लागतो.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी गाडीची आजची स्थिती कागदावर उतरवून घ्या. चारही चाकांवर हबच्या (चाक ज्यावर बसते त्या भागाच्या) मध्यापासून चाकावरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजा. जमिनीपासून मोजू नका, कारण टायरमधली हवा आणि टायरची झीज यांमुळे तो आकडा बदलतो. प्रत्येक डॅम्परची खुंटी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण कडक टोकापर्यंत हळुवार नेऊन किती टिचक्या मोजल्या ते लिहा आणि ती पुन्हा होती तिथे आणा. बहुतेक संचांत कडक टोक निश्चित असते, म्हणून मोजणी तिथूनच करायची; मात्र टोकाला पोचल्यावर जोर लावू नका, आतली बारीक सुई त्याने खराब होते. गाडी उचलल्यानंतर ती केवळ जॅकवर ठेवून खाली हात घालू नये. घोड्या (आधाराचे स्टँड) लावूनच काम करावे.

खडखड आणि टकटक

आवाज नेमका केव्हा येतो, यावर अर्धे निदान होते. कमी वेगात बारीक खडबडीवर सतत खडखड येत असेल, तर पहिला संशय स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडवर, म्हणजे तो बार सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीवर, घ्यावा. गाडी खाली बसवल्यावर मूळ लांबीचा लिंक रॉड तिरका होतो, त्याचा गोळा टोकाला अडतो किंवा बार लोअर आर्मला (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याला) जाऊन टेकतो. याची खात्री करून घेणे सोपे आहे. एकाच अक्षावरच्या दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, त्या चाकाला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत अशा बांधून ठेवा आणि मोकळ्या, सपाट रस्त्यावर अगदी हळू गाडी चालवून पाहा. आवाज थांबला, तर दोषी लिंकच आहे आणि योग्य लांबीच्या किंवा लांबी बदलता येणाऱ्या लिंक घेतल्याने प्रश्न सुटेल. या अवस्थेत गाडी वळणावर जास्त कलते, म्हणून ही चाचणी गल्लीच्या वेगातच करावी.

लिंक निर्दोष निघाल्यास वरच्या टोकाकडे या. डॅम्परच्या दांड्यावरचा वरचा नट पुरेसा आवळलेला नसतो, हा दोष फार वेळा दिसतो. त्याचे कारण बसवण्याच्या पद्धतीत आहे : एअर गन लावली की नटाबरोबर दांडाही फिरतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि प्रत्यक्षात ढिला राहतो, शिवाय दांडा वेगाने फिरल्याने आतल्या सीलवर ताण येतो तो वेगळाच. दांडा अ‍ॅलन कीने धरून नट हाताने बसवावा आणि निर्मात्याने दिलेल्या न्यूटन मीटरच्या आकड्यानुसार टॉर्क रेंचने आवळावा. त्यानंतर नटावर आणि माउंटवर मिळून पेंट मार्करची एक सरळ रेघ ओढा. आठवड्याने ती रेघ तुटलेली दिसली, तर नट फिरला आहे हे पाना न लावताही कळते. हीच रेघ स्प्रिंगखालच्या दोन्ही रिंगांवर ओढावी, कारण त्यांतली दुसरीला जागेवर अडकवणारी लॉक रिंग ढिली होणे हे खडखडीचे तिसरे नेहमीचे कारण आहे.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग उडी मारल्यासारखा टणकन आवाज येत असेल, तर स्प्रिंग मोकळेपणाने फिरत नाही, असे समजावे. एका व्यक्तीने स्टिअरिंग फिरवावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून टॉप माउंटवर (डॅम्परचे वरचे टोक गाडीला जिथे जोडलेले असते तिथे) हात ठेवावा; स्प्रिंगच्या वेटोळ्यांत मात्र बोटे घालू नयेत. झटका हाताला जाणवला, तर बेअरिंग अडकले आहे किंवा जोडणीत एखादा वॉशर राहून गेल्यामुळे स्प्रिंगची वरची वाटी माउंटला घासते आहे. संचाबरोबर आलेल्या आकृतीत वॉशर, बेअरिंग आणि वाटी यांचा जो क्रम दिलेला असतो, त्याच्याशी जोडणी एकेक भागाने ताडून पाहावी. ज्या संचात रबराऐवजी धातूचा गोलाकार सांधा असतो, त्यात थोडा आवाज स्वाभाविकच येतो. पावसाचे पाणी आणि धूळ यांमुळे तो सांधा झिजून हलू लागला, तर मात्र तो बदलणे हाच उपाय.

उंची आणि प्रीलोड

सर्वाधिक गोंधळ इथे आहे, म्हणून इथे थोडे थांबू. स्प्रिंगखालची रिंग वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, ही समजूत गॅरेजपासून गाडीमालकांपर्यंत सर्वत्र आहे, आणि सरळ दराच्या, म्हणजे कितीही दबली तरी कडकपणा सारखाच राहणाऱ्या, स्प्रिंगच्या बाबतीत ती चुकीची आहे. समजा स्प्रिंगचा दर ८ किलो प्रति मिलिमीटर आहे आणि तिच्यावर ३२० किलो भार येतो. तो भार पेलायला ती ४० मिलिमीटर दबावीच लागते. चाक लटकलेले असताना रिंगने ती आधीच ५ मिलिमीटर दाबून ठेवली असेल, तर गाडी जमिनीवर आल्यावर उरलेली ३५ मिलिमीटर दबते, म्हणजे खड्ड्यात चाक खाली जाण्यासाठी डॅम्परला ३५ मिलिमीटर वाव राहतो. आता हाच आधीचा दाब, म्हणजे प्रीलोड, ३० मिलिमीटर केला, तर गाडी २५ मिलिमीटर वर येते, स्प्रिंगचा दर ८ चा ८ च राहतो, आणि चाक खाली जाण्याचा वाव मात्र अवघा १० मिलिमीटर उरतो. रस्त्यात खळगा आला की दांडा वरच्या टोकाला आपटतो, टक असा आवाज येतो आणि टायरची पकड क्षणभर सुटते. मालकाला वाटते स्प्रिंग फार कडक आहे. प्रत्यक्षात डॅम्परची चाल, म्हणजे वरखाली सरकण्याचा पल्ला, संपलेली असते.

याच्या उलट, गाडी खाली घेण्यासाठी रिंग इतकी उतरवतात की चाक लटकल्यावर स्प्रिंग वाटीत सैल पडते. जॅकवर चाक उचलून स्प्रिंग हाताने हलते का, ते पाहावे. हलत असेल, तर प्रीलोड थोडा वाढवावा किंवा संचाला चालणारी हेल्पर स्प्रिंग (मुख्य स्प्रिंग सैल पडू न देणारी छोटी स्प्रिंग) घालावी.

ज्या संचात खालचा ब्रॅकेट डॅम्परच्या आट्यांवर वरखाली फिरतो, त्यात उंची केवळ त्या ब्रॅकेटने बदलायची आणि प्रीलोड निर्मात्याने सांगितला तेवढाच ठेवायचा. ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे गुंतलेले हवेत, तेही पत्रकात पाहून घ्या, कारण ती सुरक्षिततेची मर्यादा आहे. ऑडी टीटीची दुसरी पिढी किंवा निसान ३७०झेड यांसारख्या गाड्यांत मागची मूळ स्प्रिंग डॅम्परपासून वेगळी, आर्मवर बसलेली असते. अनेक संच तीच रचना कायम ठेवतात, त्यामुळे मागची उंची स्प्रिंगजवळच्या स्वतंत्र समायोजकाने बदलते आणि डॅम्परवर रिंग शोधणे व्यर्थ ठरते.

गाडी खरोखर किती चाल वापरते, हे डोळ्यांनी पाहण्याची एक साधी युक्ती आहे. डॅम्परच्या उघड्या दांड्यावर केबल टाय हलका आवळून सीलपर्यंत खाली सरकवा आणि नेहमीच्या रस्त्याने फेरी मारून या. डॅम्पर दबताना टाय दांड्यावर वर ढकलला जातो आणि तिथेच राहतो. गाडी उचलून सील ते टाय हे अंतर मोजा. टाय रबरी बंप स्टॉपला (डॅम्पर पूर्ण दबताना धक्का झेलणाऱ्या रबराला) जाऊन चिकटलेला असेल, तर ‘कडक’ वाटणारी गाडी वास्तविक बंप स्टॉपवर चालते आहे. तिथे खुंटी मऊ करून फरक पडत नाही, उंची वाढवावी लागते. उलट्या बांधणीच्या डॅम्परमध्ये दांडा आत झाकलेला असल्यामुळे ही युक्ती चालत नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. आपल्या कॉलन्यांमधले गतिरोधक याहून आखूड आणि उभट असतात, हे रोजचे आहे. गाडीच्या पोटाखाली पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यावर किती जागा उरते ते मोजून मगच उंची ठरवावी. दिसण्यासाठी घेतलेले शेवटचे १० मिलिमीटर गाडीच्या चालीला सर्वांत महाग पडतात.

बुश

उंची बदलल्यावर लोअर आर्मचे रबरी बुश (सांध्यातले रबराचे जोड) कोणत्या स्थितीत आवळले, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. रबर धातूच्या नळीला चिकटवलेले असते आणि स्वतः पिळले जाऊनच आर्मला हलू देते. चाके लटकलेली असताना बोल्ट आवळले, तर गाडी जमिनीवर येताच ते रबर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे कायम ताणात राहते. गाडी ठरवल्यापेक्षा वर उभी राहते, चाल ताठर होते आणि बुश अकाली फाटतो. उपाय फुकटचा आहे. सर्व बोल्ट ढिले करावेत, चाकांखाली मजबूत आधार देऊन किंवा फोर-पोस्ट लिफ्टवर गाडीचा भार चाकांवर आणावा आणि मग आवळावे.

खुंटी कधी फिरवावी

वरचे सगळे निर्दोष ठरल्यावरच. एका वेळी एकाच अक्षावर, डावीउजवीकडे सारखाच आणि दोन टिचक्यांपेक्षा अधिक नाही, एवढा बदल करावा व तो लिहून ठेवावा. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी दोनतीन वेळा झुलत राहिली, तर रिबाउंड, म्हणजे दबलेली स्प्रिंग परत पसरताना होणारे दमन, कमी आहे. उड्डाणपुलाच्या ओळीने येणाऱ्या सांध्यांवर गाडी प्रत्येक धक्क्याला आणखी खाली बसत गेल्यासारखी आणि ताठर वाटली, तर रिबाउंड जास्त आहे : चाकाला परत खाली यायला वेळ मिळण्याआधीच पुढचा सांधा येतो. दोन्ही लक्षणे प्रवाशाला ‘गाडी उडते’ अशीच जाणवतात, पण उपाय परस्परविरुद्ध आहेत, म्हणून टिचकी फिरवण्यापूर्वी लक्षण ओळखणे आवश्यक आहे.

ओढणे आणि टायर

उंची बदलली की टो (वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) आणि कँबर (समोरून पाहता चाक आत किंवा बाहेर कललेले असण्याचा कोन) दोन्ही बदलतात. आतली कड लवकर झिजली, की लोक कँबरला नावे ठेवतात; पण टायर झपाट्याने खाण्याचे काम बहुधा चुकलेला टो करतो. नव्या स्प्रिंगवर शेदोनशे किलोमीटर गाडी चालवून, उंची पुन्हा मोजून, मगच अलाइनमेंट करावे आणि छापील अहवाल जपून ठेवावा. पुढच्या चाकाच्या आतली बाजू स्प्रिंगच्या वाटीला घासत नाही ना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना नेल्यावर ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर ताणली जात नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. मूळ गाडीत चुंबकीय (विजेने नियंत्रित होणारे) डॅम्पर असतील, तर त्यांचे कनेक्टर मोकळे राहिल्याने डॅशबोर्डवर दिवा लागतो. तो बिघाड यांत्रिक नसून त्यासाठी योग्य मॉड्यूल किंवा कोडिंग लागते. हेडलाइटची पातळी ठरवणारा सेन्सर असल्यास तोही नव्या उंचीला जुळवून घ्यावा.

आता डॅम्पर

दांड्याभोवती तेलाचा पुसट थर असणे सामान्य आहे. फडक्याने स्वच्छ पुसा, दोन दिवस चालवा आणि पुन्हा पाहा. तेल ओघळून त्यावर धुळीचा चिखल जमला असेल, तर सील गेले आहे. काढलेल्या मोनोट्यूब (एकाच नळीच्या) डॅम्परचा दांडा दाबून सोडल्यावर गॅसच्या दाबाने आपोआप बाहेर यायला हवा. तो आतच राहिला किंवा मध्येच रिकामा घसरला, तर गॅस अथवा तेल गेले, असे धरावे. आत उच्च दाबाचा नायट्रोजन असतो, त्यामुळे तो घरी उघडणे, भोके पाडणे किंवा आटे सोडवण्यासाठी गॅसची ज्योत लावणे जिवावर बेतू शकते.

पावसाळ्यानंतर आटे अडकले असतील, तर आधी नायलॉनच्या ब्रशने माती काढावी, भेदक तेल मारून रात्रभर ठेवावे, चाक उचलून स्प्रिंगवरचा भार कमी करावा आणि हुक पाना रिंगच्या खाचेत पूर्ण बसवूनच जोर द्यावा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगवर छिन्नी-हातोडा चालवला, की खाच तुटते आणि पुढे रिंग कापूनच काढावी लागते. डॅम्पर दुरुस्तीला द्यावाच लागला, तर एकाच अक्षावरची जोडी एकत्र द्यावी, नाहीतर डावीउजवीकडे दमन वेगळे पडते. परत आल्यावर लिहून ठेवलेली उंची, प्रीलोड आणि टिचक्या यांवरूनच जोडणी करावी आणि पहिल्या शेदोनशे किलोमीटरनंतर सर्व बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत.