एचडीएफसी बँकेचे जुने शेअर विकताय? आधी हा हिशेब मांडा

मिरजेत मी करसल्लागाराचं काम करते. रिटर्न भरायच्या दिवसांत कुणी ना कुणी आईवडिलांचे एचडीएफसी बँकेचे शेअर घेऊन येतं आणि विचारतं, "बाबांनी शंभर घेतले होते, डीमॅटला दोन हजार कसे दिसतात?" ज्यांनी तीस वर्षं हे शेअर सांभाळले, त्यांनी चुकीच्या हिशेबापायी जास्तीचा कर भरला की मला फार वाईट वाटतं.

आधी कोऱ्या कागदावर तारखा उतरवा. बँकेचा पब्लिक इश्यू मार्च १९९५ चा, दहा रुपये दर्शनी मूल्याचा, म्हणजे शेअरवर छापलेल्या किमतीचा, शेअर दहालाच. शंभर शेअर म्हणजे हजार रुपये. जुलै २०११ मध्ये दर्शनी मूल्य १० वरून २ रुपये झालं, शंभराचे पाचशे. सप्टेंबर २०१९ मध्ये २ चं १ झालं, पाचशेचे हजार. अशा विभागणीला स्प्लिट म्हणतात. ऑगस्ट २०२५ मध्ये एकास एक बोनस, म्हणजे दर शेअरमागे एक फुकट, बँकेच्या इतिहासातला पहिलाच. हजाराचे दोन हजार. खरेदी मधल्या वर्षातली असेल तर तिच्यानंतरच्याच घटना धरायच्या. २०१५ साली घेतलेल्या शंभराचे आज चारशेच होतात.

शेअर मोजून झाले. आता खरेदी किंमत, आणि इथे स्प्लिट व बोनस एका मापाने मोजायचे नाहीत. स्प्लिटमध्ये शेअरचेच तुकडे होतात, म्हणून किंमतही वाटली जाते: हजार रुपये, हजार शेअर, प्रत्येकी १ रुपया. बोनसला कर कायदा तसं करत नाही. मूळ हजारांची किंमत १ रुपयाच राहते, बोनसच्या हजारांची शून्य, आणि दीर्घ मुदतीसाठी लागणारे त्यांचे बारा महिने वाटपाच्या दिवसापासून मोजायचे. अ‍ॅपमध्ये ५० पैसे सरासरी दिसली तरी ती रिटर्नमध्ये उतरवू नका.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते ३१ जानेवारी २०१८ च्या भावात. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या शेअरना कायद्याने सवलत दिली आहे: त्या दिवशीचा बाजारातला सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव, यांतला कमी असेल तो घ्यायचा, तो मूळ किमतीपेक्षा जास्त असेल तर तीच खरेदी किंमत. त्या दिवशी शेअर २ रुपये दर्शनी मूल्याचा होता आणि भाव दोन हजारांच्या आसपास. २०१९ च्या स्प्लिटमुळे तो निम्मा करायचा, साधारण हजार. बोनससाठी पुन्हा निम्मा करायचा नाही.

आता मोबाइलवर जुना चार्ट उघडा. तिथे त्याच दिवसाचा भाव पाचशेच्या आसपास दिसेल, कारण चार्टवाले स्प्लिट आणि बोनस दोन्हींनी भागून दाखवतात. समजा, मूळ हजार शेअर ९०० ने विकले. चार्टवरचा आकडा धरला तर चार लाखांचा नफा दिसतो. नियमाने पाहिलं तर ९०० हाच कमी भाव, तीच खरेदी किंमत, नफा शून्य. म्हणून भाव घ्यायचा तो एक्स्चेंजच्या त्या दिवशीच्या मूळ नोंदीतूनच.

डीमॅटमध्ये आधी आलेले शेअर आधी विकले गेले असं धरतात. त्यामुळे पहिले हजार विकाल ते मूळचे, आणि बोनसचे त्यानंतर. बोनसच्या शेअरवर विक्रीची जवळपास सगळी रक्कम नफाच असते. दीर्घ मुदतीत वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वर १२.५ टक्के. घाई नसेल तर ते दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विका, असं मी सांगते.

शेअर अजून कागदी असतील तर ते आधी डीमॅट करून घ्यावे लागतात. आणि घरात एचडीएफसी लिमिटेडचे म्हणजे गृहकर्जवाल्या कंपनीचे शेअर होते का, तेही विचारा. जुलै २०२३ च्या विलीनीकरणात तिच्या दर २५ शेअरना बँकेचे ४२ मिळाले. त्यांची खरेदी तारीख आणि किंमत त्या जुन्या कंपनीच्या कागदांवरून काढायची, म्हणून त्यांचा कागद वेगळा मांडा.