डोकं हललं की निष्कर्षही हलतो

माझ्या पहिल्या एमआरआय अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचं कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, निरोगी गटापेक्षा चांगलंच पातळ निघालं. आनंद दोन आठवडे टिकला. मग एकेक स्कॅन उघडून डोळ्यांनी तपासला, तर रुग्णांचीच चित्रं जास्त हललेली! डोकं हललं की सॉफ्टवेअर कॉर्टेक्स पातळ मोजतं. खराब स्कॅन वगळले आणि फरक बराचसा विरला.

तेव्हापासून निम्मं काम मी मशीनबाहेरच करते. मशीनचा ठकठकाट आधीच ऐकवते. अंगावरचा धातू, पेसमेकर यांबद्दल दोनदा विचारते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम आणि हातात रबरी फुगा : दाबला की लगेच बाहेर. "हलू नका" असं सारखं बजावलं की माणूस आणखी अवघडतो. त्यापेक्षा प्रत्येक टप्प्याआधी सांगा, "आता सहा मिनिटं. गिळायचं, खोकायचं ते आत्ताच."

रचना दाखवणारा, १ मि.मी.चा टी-वन स्कॅन आधी घ्या, कारण सुरुवातीला माणसात धीर असतो. मग मेंदूचं काम टिपणारा फंक्शनल स्कॅन. त्यात पेशींचं काम थेट दिसत नाही, त्यामागून ५-६ सेकंदांनी शिखर गाठणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल दिसतो. दोन चित्रांमध्ये डोकं अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकलं तर ते चित्र मी टाकून देते, काहीजण ०.२ वरच थांबतात. पण फार कडक गाळणी लावली तर सौम्य आजाराचेच रुग्ण उरतात. म्हणून दोन्ही गटांची सरासरी हालचाल आणि वगळलेल्यांची संख्या शोधनिबंधाच्या पहिल्याच तक्त्यात द्या.

औषधांची नोंद डोससकट ठेवा. अँटिसायकोटिक्सचा (स्किझोफ्रेनियासारख्या आजारांवरच्या औषधांचा) संबंधही मेंदूच्या आकारमानाशी आढळतो. सिगारेट, दारू यांचीही नोंद हवी.

वीस-वीस जणांच्या गटांवर मात्र माझा आता विश्वास नाही. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाने २०१६ मध्ये १,७२८ नैराश्यग्रस्त आणि ७,१९९ निरोगी लोकांची तुलना केली. हिप्पोकॅम्पस, म्हणजे स्मृतीशी संबंधित मेंदूचा भाग, नैराश्यात लहान निघाला, पण फरक सव्वा टक्क्याच्या आसपास. दोन्ही गटांचे आलेख जवळजवळ एकमेकांवरच बसतात.

स्कॅननंतर बहुतेकजण विचारतात, "काय दिसलं माझ्या डोक्यात?" उत्तर संमतीपत्रातच लिहून ठेवा : या चित्रावरून तुमच्या मानसिक आजाराचं निदान होत नाही, गाठीसारखं काही अनपेक्षित दिसलं तर रेडिओलॉजिस्टला दाखवून तुम्हाला कळवू. मी हे स्कॅनआधी तोंडीही सांगते.