व्हिडिओ गेमची जुनी कॅसेट लागत नसेल तर

माळ्यावरचा कॅसेटवाला व्हिडिओ गेम काढून लावला की पडदा नुसता करडा, नाहीतर रंगीत चौकोन. लोक लगेच भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात आणि मोबाइलवर इम्युलेटर (जुने गेम चालवणारं ॲप) घेतात. थांबा! बऱ्याचदा बिघडलेलं काहीच नसतं, कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या पट्ट्यांवर मळ बसलेला असतो. आपल्या नागपूरच्या पावसाळ्यात तर हमखास.

सीताबर्डीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं सामान मिळतं तिथे आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. छोटी बाटली पुरे.

1. गेम बंद करून प्लग काढा.
2. इअरबड किंचित ओला करून पट्ट्या उभ्या दिशेने पुसा. फॅमिकॉम (निन्टेंडोचा जुना व्हिडिओ गेम) पद्धतीच्या कॅसेटला 60 पट्ट्या असतात, दोन्ही बाजूंना 30-30. कोपऱ्यातल्या नेमक्या राहून जातात, तिथे जास्त लक्ष द्या.
3. बड काळा निघतोय तोवर नवा घेत राहा.
4. पूर्ण वाळल्यावर कॅसेट दोन-तीनदा आत-बाहेर करा, म्हणजे खाचेतल्या पिनाही घासल्या जातात. मग चालू करा.

इम्युलेटरवर कुठेही गेम सेव्ह करता येतो, ती सोय मोठीच. पण पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बटण दाबताक्षणी उडी बसते, ती मजा मोबाइलवर नाही. म्हणून आधी हे करून बघाच.

फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. आणि पॉलिश पेपर तर अजिबात नको, वरचा मुलामा एकदा गेला की गेलाच.