भैया चौकातील डॉ. कोटणीस स्मारक कसे पाहावे

सोलापूरच्या भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे जुने घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. वास्तू लहान असल्याने अनेक जण दहा मिनिटांत चक्कर मारून बाहेर पडतात. थोडी तयारी करून गेल्यास मात्र तासभर सहज जातो.

तयारी म्हणजे मुख्यतः कालक्रम ठाऊक असणे. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेले डॉ. कोटणीस मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेऊन, जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीसाठी १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून तेथे गेले. डॉ. अटल हे पथकप्रमुख होते आणि डॉ. चोळकर, डॉ. बसू व डॉ. मुखर्जी हे अन्य सदस्य. बाकीचे चौघे परतले. कोटणीस मात्र आठव्या मार्ग सेनेच्या (चिनी कम्युनिस्टांच्या सैन्याच्या) जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, १९४१ मध्ये कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे संचालक झाले, त्याच वर्षी चिनी परिचारिका गुओ छिंगलान यांच्याशी विवाहबद्ध झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, मुलगा अवघ्या काही महिन्यांचा असताना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी निवर्तले.

आत गेल्यावर छायाचित्रे भिंतीवरील क्रमाने न पाहता वर्षांच्या क्रमाने पाहावीत. पथकाचे सामूहिक छायाचित्र दिसल्यास पाचही जण ओळखण्याचा प्रयत्न करावा, आणि नंतरच्या छायाचित्रांत त्यांच्या पोशाखात काय बदल झाला याकडे लक्ष द्यावे. कोटणीसांवरील १९४६ च्या चित्रपटामुळे पुष्कळांच्या मनात प्रेमकथाच ठसलेली असते. ती तूर्त बाजूला ठेवावी, कारण आघाडीलगतच्या रुग्णालयातील त्यांचे काम त्याहून कितीतरी मोठे आहे. छायाचित्रे घेण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्यांची परवानगी घ्यावी.

स्मारकाची वेळ आधी विचारून घ्यावी आणि रिक्षाचालकाला स्मारकाच्या नावाबरोबर ‘भैया चौक’ असेही सांगावे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या वर जातो, तेव्हा सकाळीच जाणे बरे. जानेवारीच्या मध्यावर सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेमुळे शहरात गर्दी असते. जयंती किंवा पुण्यतिथीच्या दिवशी निवांतपणे पाहण्याची अपेक्षा ठेवू नये.

वेळ उरल्यास पार्क चौकाजवळील, स्वातंत्र्यलढ्यातील चार हुतात्म्यांचे पुतळेही त्याच फेरीत पाहावेत. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली, तेव्हा कोटणीस वीस वर्षांचे होते. पुढे चीनला गेलेला तरुण कोणत्या काळातल्या सोलापूरचा होता, हे त्यावरून लक्षात येते.