कँटरबरीतल्या गाई आणि पहिला विण्याचा हंगाम

ऑगस्टमधली पहाट, साडेतीनची वेळ. गवतावरचं दव गोठून पांढरं झालेलं, डोक्याला टॉर्च, पायात गमबूट. समोरच्या कुरणात रात्रीत व्यायलेल्या अकरा गाई. कुठलं वासरू कुणाचं, कुणाची वार (गर्भावरचं आवरण) अजून पडली नाही, कोण उठतच नाही, हे सगळं अंधारात बघायचं आणि चारला धारेच्या शेडमध्ये हजर व्हायचं. हिंजवडीत नऊ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केल्यावर न्यूझीलंडच्या कँटरबरी प्रांतात माझा शेतीतला पहिला हंगाम असा सुरू झाला.

शहर सोडून परदेशात शेतावर राहायचं म्हणणारे बरेच जण मला प्रश्न विचारतात. बहुतेकांना शांतता हवी असते. ती इथे आहे. कुरणांच्या पलीकडे बर्फाच्छादित डोंगरांची रांग आहे आणि रात्री आकाश अक्षरशः भरलेलं असतं. पण ऑगस्ट ते ऑक्टोबर ते आकाश बघायला मान वर करायचं त्राण उरत नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की या कामाचा विचार करताना मनात विण्याचा हंगाम धरा. तो जमला तर बाकीचं वर्ष जमतं.

सगळ्या गाई एकाच वेळी का वितात, ते आधी समजून घ्या. इथे दावण नाही, गाई बारा महिने उघड्यावर चरतात. रायग्रास आणि क्लोव्हर हे मुख्य खाणं. वसंतात (इथे तो सप्टेंबर ते नोव्हेंबर) गवत झपाट्याने वाढतं, त्याच सुमारास दूधही शिखरावर यावं असा सगळा हिशेब असतो. मग ऑक्टोबरच्या आसपास माजावर आलेल्या गाई ओळखायच्या. त्यासाठी शेपटीच्या मुळाशी रंगाचा पट्टा मारतात. दुसऱ्या गाई अंगावर चढल्या की तो रंग घासला जातो. पुढे मे महिन्यात गाई आटवायच्या, म्हणजे धार काढणं थांबवायचं, आणि जूनमध्ये थोडी उसंत. गणपती दरवर्षी ऐन विण्याच्या धामधुमीत येतात आणि दिवाळी रेतनाच्या दिवसांत. सहा वर्षांत मी क्राइस्टचर्चच्या आरतीला एकदाच पोहोचलो. याचं दुःख होतं, आणि नव्याने येणाऱ्याने ते गृहीत धरावं.

आमच्याकडे ७८० गाई. धार गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर निघते. गाय चढते, तुम्ही चार सडांना चार कप लावता, फेरी पूर्ण होईपर्यंत दूध निघालेलं असतं, गाय मागे सरकत उतरते. सुरुवातीला मनगटं इतकी सुजतात की भाकरी मोडवत नाही. तीन-चार आठवड्यांत हात सरावतो. नजर तयार व्हायला मात्र वर्ष जातं, आणि पगार खरा नजरेचा असतो.

ही नजर मला थोडी आजीकडून मिळाली होती. संगमनेरजवळ तिच्या चार गाई होत्या. व्यायलेली गाय बसून राहिली की ती आधी कानाला हात लावायची. कान गार म्हणजे दुग्धज्वर, अंगातलं कॅल्शियम उतरलेलं. इथल्या पहिल्याच आठवड्यात एक गाय मान पोटाकडे वळवून बसली होती. मी कान चाचपले आणि रेडिओवरून मॅनेजरला हाक मारली. कॅल्शियमची बाटली चढवल्यावर काही वेळात ती उभी राहिली. माज, पान्हा, कासदाह, जार, भाकड, पहिलारू हे शब्द ज्याच्या कानावर लहानपणी पडले आहेत, त्याने इंग्रजी कच्चं म्हणून घाबरू नये. जनावर वाचता येणं ही मोठी शिदोरी आहे.

चूक माझ्याकडूनही झाली. औषध चालू असलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टी असते, कारण तिचं दूध टाकीत जाता कामा नये. दहा दिवस सलग काम झालेलं, डोळ्यांवर झापड, आणि मी त्या गाईला कप लावले. उतरताना पट्टी दिसली. पोटात गोळा आला. टँकर यायला दोन तास होते. मी लगेच सांगितलं. दूध तपासलं आणि टाकी रिकामी करावी लागली, हजारो लिटर. न सांगता ते टँकरमध्ये गेलं असतं तर इतर शेतकऱ्यांचंही दूध नासलं असतं आणि मालकाला मोठा दंड बसला असता. मॅनेजर एवढंच म्हणाला, की सांगितलंस म्हणून उद्याही तू धारेला आहेस.

एक गोष्ट एजंट सांगत नाहीत. बरीचशी नर वासरं आणि कळपाला नको असलेल्या कालवडी, चार दिवस पूर्ण झाले की कत्तलखान्याच्या ट्रकमध्ये जातात. ती चढवायला मदत करावी लागू शकते. मी पहिल्या वेळी शेडमागे जाऊन रडलो. आजही तो ट्रक आला की मन जड होतं. ज्यांच्या श्रद्धेला हे झेपणार नाही, त्यांनी इथे येऊन स्वतःला छळू नये. फळबागा आहेत, द्राक्षमळे आहेत.

आणि चिकाविषयी. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठ धारा टाकीत जात नाहीत, वासरांना पाजतात. सुरुवातीच्या घट्ट पिवळ्या चिकाने भरलेले कॅन बघून मला राहवलं नाही. मालकिणीला विचारून दोन लिटर घेतला, तोही पहिलारू (पहिल्यांदाच व्यायलेल्या) गाईचा, कारण मोठ्या गाईंच्या सडात आटवताना प्रतिजैविक भरलेलं असू शकतं. गूळ-वेलची घालून खरवस वाफवला. आता दर ऑगस्टमध्ये शेडमधले सगळे वाट बघतात.

व्हिसाचं थोडक्यात. भारतातून थेट नोकरीवर यायचं तर अनुभवाचा किंवा पात्रतेचा पुरावा लागतो आणि मालक इमिग्रेशन न्यूझीलंडकडे मान्यताप्राप्त असावा लागतो. माझ्याकडे अनुभव नव्हता, म्हणून मी १८७८ साली सुरू झालेल्या लिंकन विद्यापीठात शेतीचा डिप्लोमा केला. बचत संपली, पण प्रत्यक्ष कामामुळे ओळखी झाल्या. पर्यटक व्हिसावर इथल्या मालकाकडे काम करता येत नाही, राहण्या-जेवणाच्या बदल्यातही नाही. नोकरी देण्यासाठी मालकाने तुमच्याकडून पैसे घेणं बेकायदा आहे. कुणी लाखो रुपये मागितले तर तिथेच थांबा. व्हिसाचा सल्लागार परवानाधारक आहे का, हे सरकारी नोंदवहीत ऑनलाइन बघता येतं.

करार लेखी घ्या आणि तास रोज स्वतःच्या वहीत लिहा. वार्षिक पगार चांगला दिसतो, पण ऑगस्टमधल्या लांबलचक आठवड्यांत तो तासामागे किमान वेतनाच्या खाली जाऊ शकतो. शांत महिन्यांशी सरासरी काढून ते भरून निघालं असं मालकाला म्हणता येत नाही. घराचं भाडं पगारातून किती कापणार, हेही आधीच विचारा.

क्वाड बाईकवर (शेतात फिरायची चार चाकांची मोटारसायकल) हेल्मेट घाला, अगदी दोन मिनिटांसाठीही. कळपाला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस दिली आहे का ते विचारा. मुंबईत पावसाच्या पाण्यातून होणारा तोच आजार इथे गाईच्या मूत्रातून होतो. हातावरची जखम झाका.

इथला दूधधंद्याचा हंगाम १ जूनला बदलतो, त्यामुळे नोकरीच्या जाहिराती वर्षाच्या सुरुवातीपासून दिसू लागतात. तोवर तुमच्याकडे वेळ आहे. नगर, सांगली, कोल्हापूर, जिथे ओळख निघेल तिथल्या गोठ्यावर दोन महिने राहा. पहाटे उठून धारा काढा, शेण ओढा, एक तरी गाय विताना रात्रभर जागा. आणि व्यायलेल्या प्रत्येक गाईच्या कानाला हात लावून बघा.