निळं आकाश बघून व्हांतूवर निघू नका

मे महिना लागला की पुण्याहून निरोप यायला लागतात. "जूनमध्ये येतोय, व्हांतू करायचाय." मी आव्हिन्योंला राहते, बेदुआं गाव इथून तासाभरावर, त्यामुळे बहुतेकांना पायथ्याशी सोडायला मीच जाते. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हाँसमधलं हे गाव द्राक्षमळ्यांच्या आणि चेरीच्या बागांच्या मधोमध वसलंय. चौकात चिनारासारखी जुनी झाडं, त्यांच्या सावलीत कॅफे, आणि सकाळी सातपासून सायकलींची वर्दळ. मागे एकटा उभा डोंगर, मों व्हांतू, उंची 1,910 मीटर. लोक तो सायकलने किंवा चालत चढायला येतात. डोंगर फार सुंदर आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुका बघून आता राहवत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आकाश स्वच्छ, म्हणजे हवा चांगली

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची ही पहिली चूक. आपल्याकडे वाईट हवा म्हणजे ढग, धुकं, पाऊस. इथे वाईट हवा निळ्याशार आकाशातून येते. मिस्त्राल हा उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून खाली येणारा कोरडा वारा. तो सुटला की ढग पार पुसले जातात आणि शिखर इतकं जवळ दिसतं की हात लांब करून शिवावं. ज्या दिवशी डोंगर असा लख्ख दिसतो, त्या दिवशी मी आधी वाऱ्याचा आकडा बघते.

तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये पुण्याचा एक मित्र आला होता. दर रविवारी सिंहगड घाट चढणारा, तयारीचा गडी. बेदुआंला पानही हलत नव्हतं. जंगलातून चढताना वारा लागत नाही, कारण डोंगर आणि झाडं दोन्ही आडोसा देतात. वाटेतल्या शाले रेनार या कॅफेपाशी, साधारण 1,420 मीटरवर, झाडं संपतात. तिथे पोचलो तेव्हा कॅफेच्या बाहेरच्या खुर्च्या एकात एक घालून भिंतीला टेकवल्या होत्या. मी म्हटलं, इथूनच परत फिरू. तो म्हणाला, "अगं, सहाच किलोमीटर राहिलेत, आणि बघ ना किती छान ऊन आहे." मी ऐकलं. मी तेव्हा ठाम राहायला हवं होतं.

पुढचे चार किलोमीटर आम्ही सायकली वाऱ्यावर तिरक्या रेलून चालवल्या. शिखराच्या अलीकडे एक खिंड लागते, कोल दे ताँपेत, 1,841 मीटर. नावाचा अर्थच वादळांची खिंड. तोवर कड्याचा थोडा आडोसा असतो, खिंडीत तो एकदम सुटतो आणि उत्तरेचा सगळा वारा एका फटीतून अंगावर येतो. त्याच्या सायकलीला उंच कडांची कार्बनची चाकं होती. पुढचं चाक शिडासारखं फिरलं आणि तो रस्ता ओलांडून पलीकडच्या खडीवर पडला. कॉलरबोन मोडलं. विंडचीटर गाडीत राहिला होता, कारण खाली 27 अंश होते. मदत येईपर्यंत पाऊण तास आम्ही दगडांच्या आडोशाला बसून होतो. माझं जॅकेट त्याच्या अंगावर होतं, तरी त्याचे दात वाजत होते.

2016 साली टूर द फ्रान्सचा या डोंगरावरचा टप्पा वाऱ्यामुळे शाले रेनारलाच संपवावा लागला होता. जगातले सर्वोत्तम सायकलपटू जिथे वर पाठवले नाहीत, तिथे "सहाच किलोमीटर" या हिशेबाला काही अर्थ नाही.

माझी सवय सांगते. आदल्या रात्री गावाचा अंदाज बघायचा नाही, शिखराचा बघायचा, आणि त्यातही वाऱ्याच्या झोताचा वेग. ताशी पन्नास किलोमीटरच्या वर असेल तर मी दुसरा बेत करते. नेस्क नदीच्या घळीतला रस्ता त्या दिवशी सोन्यासारखा असतो. विंडचीटर जर्सीच्या मागच्या खिशात, खाली कितीही उकडत असलं तरी. बेदुआं आणि शिखर यांत सोळाशे मीटरचा फरक आहे, म्हणजे वारा नसतानाही वर दहाएक अंशांनी गार. आणि रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड वाचत जायचं. पिवळ्या डोक्याचे पांढरे दगड आहेत, त्यांवर शिखर किती दूर, उंची किती, पुढच्या किलोमीटरचा चढ किती टक्के, सगळं लिहिलेलं असतं. आम्ही 112 ला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न होता, तुम्ही नेमके कुठे आहात. शेवटचा दगड लक्षात होता म्हणून सांगता आलं.

पहिल्या सहा किलोमीटरांत जीव ओतणं

बेदुआंहून शिखर साडेएकवीस किलोमीटर. त्यातले सँतेस्तेव्हच्या वळणापर्यंतचे पावणेसहा अगदी सोपे, द्राक्षांच्या मळ्यांतून जाणारे, चढ चारेक टक्के. पाय ताजे असतात, सकाळची हवा गोड असते, शेजारून कोणी पुढे गेलं की आपलाही वेग वाढतो. मग ते डावं वळण येतं आणि रस्ता जंगलात शिरतो. तिथून शाले रेनारपर्यंत साडेनऊ किलोमीटर, जवळजवळ सगळीकडे नऊ-दहा टक्के. मध्ये सपाट तुकडा नाही, श्वास घ्यायला जागा नाही, समोर काही दिसतही नाही. दगडावर 9, पुढच्या दगडावर 10, त्याच्या पुढच्यावर परत 9. त्या जंगलात रस्त्याकडेला डोकं हँडलवर टेकवून उभी असलेली माणसं मी दर खेपेला बघते, आणि बहुतेक सगळी मला मळ्यांमध्ये मागे टाकून गेलेली असतात.

मी काय करते? बेदुआं सोडलं की सतराचा पाढा मोठ्याने म्हणते. एका दमात, न तुटता. सतरा पंचे पंच्याऐंशीला श्वास लागला तर वेग जास्त आहे, गिअर उतरवायचा. हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ माझ्याकडे आहे, पण पाढ्यावर माझा जास्त विश्वास आहे. जंगलात पाढा जमत नाही, पण जंगलात शिरेपर्यंत जमला पाहिजे.

गिअरबद्दल एकच. पुढच्या लहान चक्राला 34 दाते आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राला किमान 32, सायकल भाड्याने घेताना स्वतः मोजून घ्या. "मी सिंहगड याच गिअरवर चढतो" हे मला सांगू नका. हा चढ म्हणजे सिंहगडाचा घाट जवळपास अडीच वेळा, मध्ये न उतरता.

आणि गाडीने शाले रेनारला जाऊन तिथून शेवटचे सहा किलोमीटर चढणारे, वर पाटीखाली फोटो काढून "व्हांतू केला" म्हणतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. गुडघा दुखत असेल, वय झालं असेल, तर जरूर करा. पण धडधाकट माणसाने घाईपायी जंगल गाळलं तर त्याला डोंगर भेटलाच नाही. सोपा रस्ता हवा असेल तर तो आहे की. सो गावाहून या. सव्वीस किलोमीटर लांब पण चढ सौम्य, जुलैत दोन्ही बाजूंना लव्हेंडर, आणि शाले रेनारला तो याच रस्त्याला मिळतो. पहिल्यांदा येणाऱ्याला मी सोच सुचवते, ऐकतात फार थोडे.

ब्रेक उलटे असतात

आपल्याकडे उजव्या हाताला पुढचा ब्रेक. फ्रान्समध्ये पुढचा ब्रेक डाव्या हाताला. उतारावर घाबरून सवयीने हात चालला की गोंधळ होतो. भाड्याची सायकल घेताना दुकानदाराला सांगा, बदलून मिळतात. नाहीतर गावात अर्धा तास फिरून हाताला सवय करा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. वळणाआधी नीट दाबा, वळणानंतर पूर्ण सोडा.

पाणी वर मिळेल

चालत जाणाऱ्यांची ही सगळ्यात मोठी चूक. आपल्याला किल्ल्यांवरच्या टाक्यांची सवय, पाणी कुठेतरी असतंच. व्हांतू चुनखडीचा आहे. पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांतून सरळ पोटात जातो आणि दूर खाली, मालोसेनजवळच्या ग्रोझोच्या झऱ्यात किंवा फोंतेन-द-व्होक्लूजला बाहेर येतो. डोंगरावर ओढे नाहीत. कोंब द क्युर्निएच्या अरुंद घळीतून चढायला लागलात की दोन्ही बाजूंच्या कातळांमुळे गार वाटतं आणि लोक बाटलीकडे बघतही नाहीत. दोन तासांनी उघड्यावर आलं की वरून ऊन आणि खालून पांढऱ्या दगडांची झळ. माणशी तीन लिटर, घोट घोट, पहिल्या तासापासून. गावातल्या कारंज्यावर "ओ नों पोताब्ल" अशी पाटी असेल तर ते पाणी पिण्याचं नाही.

सायकलवाल्यांनाही हेच लागू. शिखराच्या अलीकडे ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसनचं स्मारक आहे. 13 जुलै 1967 ला टूरमध्ये, भर उन्हात, तो इथे कोसळला आणि गेला. वय 29. उत्तेजक औषधं, उष्णता आणि शोष, सगळं एकत्र आलं. लोक तिथे पाण्याच्या बाटल्या आणि टोप्या ठेवून जातात. मी दर वेळी थांबते.

बाकीच्या, थोडक्यात

पायवाटेवर लाल-पांढरे पट्टे दिसले की वाट बरोबर, त्याच रंगांची फुली दिसली की मागे फिरा. माथ्याजवळ खडी पायाखाली सरकते, धावायचे बूट घालून येऊ नका.

उन्हाळ्यात वणव्याचा धोका वाढला की जंगलात शिरायला त्या दिवसापुरती बंदी येते. आदल्या संध्याकाळी बघून ठेवा. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा भडक रंगाचे कपडे घाला.

वरचा रस्ता हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. एप्रिलची तिकिटं काढण्याआधी मला विचारत जा, काढल्यावर नको.

दुपारी बारा-साडेबाराला गावातली बरीच दुकानं बंद होतात. सकाळी बेकरीतून पाव, चीज आणि दोन केळी घेऊनच निघा. परवा एक जोडपं अडीच वाजता उपाशीपोटी बंद दारासमोर बसलेलं दिसलं. माझ्या डब्यात मेथीचे ठेपले होते, ते दिले.