पीएफचं चलन पंधरा तारखेवर ठेवू नका

कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना कळकळीनं सांगतो, पगार सात तारखेला झाला की त्याच दिवशी ईसीआर फाइल, म्हणजे कामगारवार पगार आणि पीएफची महिन्याची यादी, पीएफच्या पोर्टलवर चढवा. मागच्या महिन्याचा पीएफ चालू महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो. पूर्वी पाच दिवसांची सवलत होती, ती 2016 मध्येच बंद झाली, तरी अजून काही जण 20 तारीख धरून बसतात.

एक लाख रुपये दोन महिने उशिरा भरले, तर वर्षाला 12 टक्के दरानं सुमारे 2 हजार व्याज. शिवाय जून 2024 पासून दंड महिन्याला 1 टक्का, म्हणजे आणखी 2 हजार. आयकरातला फटका याहून मोठा होता. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा एक दिवस जरी उशिरा गेला, तरी मार्च 2026 पर्यंतच्या आयकर नियमांत त्याची वजावट मिळत नव्हती. सुप्रीम कोर्टानं 2022 मध्ये हे स्पष्ट केलं होतं. मुळात तो पैसा कामगाराचा आहे.

नवीन कामगाराचं नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणेच आहे ना, हे रुजू होतानाच बघा. ते जुळलं नाही तर यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ क्रमांक, निघत नाही. यूएएन नसेल तर त्याचं नाव फाइलमध्ये जातच नाही, आणि हे नेमकं 14 तारखेला संध्याकाळी लक्षात येतं.